मातीचं गाव

बायकोने, सुंदराने, केलेलं मातीचं गाव हरवलं नव्हतं, चोरीला गेलं होतं, हे भिवाजीला गावचं नाटक बघताना कळलं. पळसदरीत नाटक एका जागी होत नसे. नट ओट्यावरून विहिरीकडे, विहिरीवरून देवळाकडे जात आणि लोक त्यांच्या मागून फिरत. म्हणून सुंदरा पळसदरीची मातीची छोटी नक्कल करून तिच्यातल्या घरांमधून पणती फिरवून सावल्या बघायची आणि जिथे गॅसबत्ती हवी तिथे काडी रोवायची. ती गेली. तिचं दिवसकार्य झालं, आणि ते मातीचं गाव घरातून नाहीसं झालं.

"उंदरांनी उकरलं असंल, दादा," धाकटा भाऊ चांगो तेव्हा म्हणाला होता.

आज प्रत्येक बत्ती सुंदराच्या काडीच्या जागी होती आणि लोक बत्त्या लावणाऱ्या चांगोची पाठ थोपटत होते.

शेवटचा प्रवेश देवळामागे, गच्च काळोखात झाला. नुसते आवाज ऐकून बायका रडल्या.

"काळोखाची युक्ती कशी वाटली, दादा? हाय ना डोकं?"

"तुझ्या वैनीचं नाव तरी घ्यायचंस रं."

चांगो बत्त्या उतरवायला वळला.

मातीच्या गावात देवळामागची काडी रोवायचं सुंदराचं राहून गेलं होतं.