चार दहाचे टोले

“घंटेचं कारण आज संध्याकाळपर्यंत दाखवा, नाहीतर उद्या ती खाली उतरवतो,” नवे साहेब घंटाताईला म्हणाले.

कारण ठाऊक असतं तर तिने कधीच सांगितलं असतं. बंदरावरच्या या स्टेशनात रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ती तीन टोले द्यायची. त्या वेळेला ना गाडी यायची, ना जायची. एखादा नवखा प्रवासी मात्र टोले ऐकून बॅगा उचलून धावत सुटायचा आणि मोकळ्या रुळांकडे बघत उभा राहायचा. गाड्यांची वर्दी कर्ण्यावरून द्यायला लागल्यापासून घंटेला एवढंच काम उरलं होतं, आणि घंटाताईच्या नोकरीलाही. तिच्याआधी एकतीस वर्षं हीच घंटा तिच्या सासूबाईंनी वाजवली. “विचारायचं नाही, वाजवायची,” एवढंच त्यांनी सुनेला शिकवलं होतं.

नऊ वर्षं तिने विचारलं नाही. आज विचारत सुटली तर डोकं भणाणून गेलं. हमाल म्हणाले, बुडालेल्या जहाजातल्या माणसांसाठी. चहावाला म्हणाला, भरतीची वेळ कळावी म्हणून. तिकीट खिडकीवरच्या बाई तर शपथेवर सांगत होत्या की कुठल्याशा मोठ्या साहेबाचा प्राण बरोब्बर चार दहाला गेला.

“भरती रोज वेळ बदलते, घंटा कुठे बदलते?” बखरकाका म्हणाले. “आणि जहाज बुडालं ते पहाटे. मीच लिहिलंय.”

बखरकाका म्हणजे निवृत्त स्टेशनमास्तर. लेकीकडे या शहरात राहायला आले आणि रिकामं बसवेना म्हणून त्यांनी स्टेशनाचा इतिहास लिहायला घेतला. पहिलं इंजिन जहाजातून सुटं सुटं करून कसं उतरवलं, फलाटाच्या फरश्या म्हणजे रिकाम्या जहाजांनी तोल राहावा म्हणून भरून आणलेले दगड कसे, सगळं त्यांना तोंडपाठ. फक्त चार दहाच्या पानाशी त्यांचं घोडं अडलं होतं.

दोघांनी मिळून कागदपत्रांची खोली उपसली. ती माळ्यावरून आदेशवह्या काढून देत होती, ते पानं उलटत होते. धुळीने दोघांच्याही नाकातोंडाचे हाल झाले. साडेतीनच्या सुमाराला काका एका पानावर थबकले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग खुदकन हसले, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला.

“काय झालं, काका? सापडलं का?”

“सापडलं. चला साहेबांकडे.”

हसले का आणि गप्प का झाले, घंटाताईला काही उमगेना. ती मागून चालत राहिली.

साहेबांनी पान वाचलं. ‘चार वाजून दहा मिनिटांनी तीन टोले द्यावेत.’ तारीख चाळीस वर्षांपूर्वीची. खाली सही. बाकी काही नाही.

“यात कारण कुठंय?”

“नाहीये. पण वहीचा नियम असा की, ज्याने आदेश लिहिला त्यानेच ‘काम झालं’ असं लिहून सही करायची. तोवर पुढची पाळी तो तसाच चालवते.”

“म्हणजे कुणीतरी एकदा लिहिलं आणि सही करायची विसरला? चाळीस वर्षं? कोण हा शहाणा?”

“मी,” बखरकाका म्हणाले.

साहेबांनी वही पुन्हा ओढून खालची सही निरखली.

“नोकरीच्या सुरुवातीला अकरा दिवस होतो इथे. घंटेला नवा दोर बांधला होता. आवाज फलाटाच्या टोकाला पोचतो का, एवढंच बघायचं होतं. त्याच दुपारी बदलीचा हुकूम आला आणि तीनच्या गाडीने मी गेलो. त्या एका दिवसाचं काम होतं हो. पार विसरून गेलो.”

घंटाताईला हसावं की रडावं कळेना. सासूबाई डोळे मिटून टोले द्यायच्या. अंगात ताप असताना यायच्या. आणि हे सगळं एका दोरासाठी! तिला म्हाताऱ्याचा राग आला, मग आता आपलं कसं होणार या विचाराने रागही विरून गेला.

साहेबांनी पेन पुढे सरकवलं. “लिहा मग, काम झालं. मिटला प्रश्न.”

“न बघता कसं लिहू, साहेब?” काकांनी घड्याळाकडे पाहिलं. “दहा मिनिटं आहेत. मी टोकाला जाऊन उभा राहतो. ऐकू आलं तर हिरवी झेंडी, नाही आलं तर लाल. हिरवी दाखवली की आलोच सही करायला.”

दोन झेंड्या काखोटीला मारून ते लांबच लांब फलाटावरून चालत गेले. साहेब वही आणि पेन घेऊन घंटेपाशी येऊन उभे राहिले. घंटाताईने दोर हातात घेतला. हळू ओढला तर? कुणाला कळणार होतं? पण नऊ वर्षांची सवय, आणि त्यामागे सासूबाईंची एकतीस वर्षं. तिचा हात ऐकेना. डोळे मिटून तिने जिवाच्या आकांताने तीन टोले दिले.

डोळे उघडले तेव्हा पार टोकाला, काकांच्या डोक्यावरच्या पत्र्यावरून कबुतरं भर्रकन उडत होती. त्यांच्या शेजारून एक माणूस दोन्ही हातांत बॅगा घेऊन धावत येत होता. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

बखरकाकांनी कानामागे हात नेला, जरा वाट पाहिली, निवांत मान हलवली आणि झेंडी वर केली.

लाल.