आज आई दिसली का?

"आज काय सांगल्यान आवशीन?"

सिद्धेशचे डोळे धड उघडलेही नव्हते आणि बाबा चहाचा कप घेऊन उशाशी हजर. हल्ली हे रोजचंच झालं होतं. गांजा सोडल्यापासून सिद्धेशला स्वप्नं पडत होती, आणि पडत होती म्हणजे अक्षरशः कोसळत होती. इतकी वर्षं झोप म्हणजे नुसता काळा पडदा. आता डोळा लागला की आई यायची.

"गच्चीवर आमसुलं वाळत घालत होती," तो उठून बसत म्हणाला. "आपलीच चारकोपची गच्ची, पण कठडाच नाही. कठड्याच्या जागी थेट समुद्र. लाटा येऊन आमसुलं भिजवत होत्या आणि ती नुसती हसत होती."

"साडी खयची?"

"हिरवी. काठाची."

बाबांनी डोळे मिटले. बहुधा साडी आठवत असावेत. मग हळूच म्हणाले, "माका एकदाय दिसाक नाय रे. ती जावन दोन वर्सां झाली."

सिद्धेशला गलबलून आलं. धाकू नावाच्या या त्याच्या बापाने उभ्या जन्मात कधी काही मागितलं नव्हतं, आणि आता मागत होता तर हे.

"तुमची चौकशी केली तिने," तो धडधडीत खोटं बोलला. "म्हणाली, बाबा नीट जेवतात का?"

बाबा कप घेऊन आत गेले.

स्वप्नांचं सगळं चेतना मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. बोरिवलीच्या व्यसनमुक्ती केंद्रात त्या दर शनिवारी तिघांनाही समोर बसवायच्या. सिद्धेश, त्याची बायको दिशा आणि बाबा. "रोज ओढला की गांजा स्वप्नं दाबून टाकतो. सोडला की ती उसळून वर येतात. घाम येईल, चिडचिड होईल, भूक मरेल. त्याला घाबरून परत ओढायचा नाही. यावर जादूची गोळी नाही. बोलत राहायचं, आणि जुन्या कट्ट्यावर फिरकायचं नाही."

"आणि एखाद्याने थोडेच दिवस ओढला, मग सोडला, तर?" बाबांनी विचारलं होतं. "त्यालाही पडतात?"

"रोजची सवय लागली असेल तर पडू शकतात. माणसागणिक वेगळं असतं, काका."

"रोजची," बाबा स्वतःशीच म्हणाले. सिद्धेशने शरमेने मान खाली घातली. पोरगा किती खोलात गेला होता याचा म्हातारा अंदाज घेतोय, असं त्याला वाटलं.

खोलात तर तो गेलाच होता. मरोळची नोकरी जाता जाता वाचली होती. दिशा माहेरी मुलुंडला निघून गेली होती, ती उपचार सुरू झाल्यावरच परतली. येताना उंबऱ्यात उभी राहून तिने बजावलं होतं, "पुन्हा एकदा जरी वास आला ना, तर मी गेले. मग शोधायला येऊ नकोस."

त्याच दिवशी सिद्धेशने लपवलेली चहाची डबी बाहेर काढली. गांजाने गच्च भरलेली होती. स्वतः फेकायची हिंमत होईना. बाबांनी ती हातातून काढून घेतली. "मी टाकतंय मार्वेच्या खाडयेत." गेले आणि संध्याकाळी बांगडे घेऊन आले.

मात्र त्या खोट्या निरोपाने कमाल केली. बाबा सपाटून जेवायला लागले. आई गेल्यापासून अर्ध्या भाकरीवर उठणारा माणूस, आता मधल्या वेळी शंकरपाळ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसायचा. टीव्हीवर बाजारभाव ऐकून एकटाच खुदकन हसायचा. "सासूबाईंचा निरोप लागू पडला हं," दिशा म्हणाली. सिद्धेशला वाटलं, आयुष्यात एक तरी खोटं सत्कारणी लागलं.

रविवारी दुपारी त्याचा डोळा लागला. आई बसमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून करंज्या तळत होती. खिडकीबाहेर माडांची बनं सरकत होती, मध्येच जुहूची चौपाटी, मध्येच गावची पाणंद. प्रत्येक प्रवाशाला ती एक करंजी देत होती. सिद्धेशने आपली नाकाशी नेली, तर तिला वेगळाच वास. ओळखीचा. नको असलेला.

त्याने डोळे उघडले. वास तसाच होता. समोर बाजाराची पिशवी हातात घेऊन दिशा उभी होती.

"परत, सिद्धेश?"

"मी झोपलो होतो गं! शप्पथ!"

"बाथरूम भरलंय वासाने. मी काय वेडी आहे?"

बाबा गॅलरीत बडीशेप चघळत उभे होते. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. दिशा बॅग भरायला लागली. सिद्धेशला रडूही येईना. न केलेल्या गुन्ह्याचीच शिक्षा मिळावी, तीही आता!

"उद्या मॅडमकडे चल," तो कसाबसा म्हणाला. "टेस्ट करू. खोटा ठरलो तर तिथूनच मुलुंडला जा."

दुसऱ्या दिवशी तिघं केंद्रात बसले होते. दिशाच्या पायाशी तिची बॅग होती. चेतना मॅडम आतून टेस्टची पट्टी घेऊन आल्या आणि हसल्या. "अगदी स्वच्छ. शाबास, सिद्धेश!"

दिशाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हमसून रडायला लागली. सिद्धेशने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, घट्ट धरला.

"मग तो वास कुठून आला?" तिने डोळे पुसत विचारलं.

"शेजारून आला असेल, डक्टमधून," मॅडम म्हणाल्या.

बाबा खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी कापडी पिशवीतून तीच चहाची डबी काढली आणि झाकण उघडून टेबलावर ठेवली. डबी रिकामी होती.

"मॅडम," ते हात जोडून म्हणाले, "आता रोजची सवय लागली आहे. आजपासून सोडला, तर ती मला कधी दिसेल?"