मेघाची राखण

मोजक्याच ताऱ्यांच्या त्या मिणमिणत्या, बुटक्या दीर्घिकेत आपल्या राखणीतला वायूचा मेघ पुन्हा घटलेला दिसला, तेव्हा कुसुमावतीची नजर थेट दिरावर गेली. इथला कृष्णपदार्थ डोळ्यांना दिसत नसला, तरी आईनं पदराखाली घ्यावं तसा वायूला धरून ठेवी. मग तो जाणार कुठं?

"भावजी, इंधन म्हणून कुणाला विकलात?"

"माझ्या खिशात सापडतोय का बघा, वहिनी!" दिगंबर हसला.

त्या हसण्यानंच तिचा संशय पक्का झाला. तिनं वरिष्ठांकडे तक्रार केली आणि दिगंबरची चौकशीसाठी पृथ्वीकडे रवानगी झाली. तिथून परतायला एक जन्म पुरणार नव्हता.

मग एका सकाळी राखणचौकीच्या खिडकीत कोवळा उजेड सांडला. युगानुयुगं वांझ मानलेल्या त्या दीर्घिकेत, घटलेला वायू एकवटून नवा तारा पेटला होता. हरखून कुसुमावती ओरडली, "भावजी, लवकर या, बघा तरी!"