दोन बरोबरची चिन्हं

दीक्षाच्या आईचा एकमेव फोटो फ्लॉपीबरोबरच खराब झाला. उरले ते बाबांनी अठ्ठ्याण्णव साली, आई गेली त्या वर्षी, ऑफिसात छापून ठेवलेले कागद. जुन्या प्रोग्रॅमने त्या फोटोची अक्षरं करून ठेवली होती; ती जशीच्या तशी टाइप केली की फोटो परत मिळणार होता.

वाघोलीच्या फ्लॅटमध्ये आठवडाभर बाबा एकेक अक्षर वाचत होते आणि सकाळी विळीवर कापलेला, पट्टी बांधलेला अंगठा सांभाळत दीक्षा आज शेवटचं पान टाइप करत होती.

"कॅपिटल टी, स्मॉल के... बरोबर, बरोबर."

बरोबरची दोन चिन्हं आली की मजकूर संपतो. दीक्षाने हुश्श केलं.

"स्मॉल क्यू," बाबा म्हणाले.

"बाबा, संपलं की."

"तू आपली लिही."

त्यांनी पान उलटलं होतं. मागची बाजू कोरी होती.

त्यांचं मन कशाला मोडा, म्हणून ते कोऱ्या पानावरून वाचत गेले तेही तिने सगळं लिहून घेतलं आणि बटण दाबलं.

फोटो वरून खाली उमटत गेला. आईचा भांग, डोळे, पांढऱ्या साडीचा पदर. इथे तो संपायचा. लहानपणी तिने शंभरदा पाहिला होता. आज संपला नाही. खाली आईचा हात आला. त्याने कुणाचं तरी मनगट घट्ट धरलं होतं, आणि त्या मनगटापुढच्या अंगठ्याला पट्टी होती.

बाबांनी दुसरं कोरं पान उचललं.

"हं, घे पुढे."