नवी कातडी

गुलाबतोडणीचे दिवस होते, त्यामुळे स्पासआजोबांच्या अंगावरचे चट्टे बघून गावाने फवारणीला दोष दिला. नवखी डॉक्टर रुम्याना मात्र चमकली. डोळे लालभडक होते, ओठ सोललेले आणि बोटाने दाबून सरकवताच पाठीची कातडी निसटली. “आजी, यांना नवीन औषध कुठलं?” “पायाचा अंगठा ठणकतो म्हणून तीन आठवड्यांपासून ही गोळी.” त्यांची बायको त्सोंका पिशवीतून पाकीट काढत म्हणाली, “आजची राहिलीय, देते.” रुम्यानाने ते हिसकावलंच. “हीच त्यांना जाळतेय.” वरिष्ठ डॉक्टर कांजिण्या म्हणत राहिले, पण तिने आजोबांना रुग्णवाहिकेतून प्लोव्दिव शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या जळीत विभागात नेलं. अकराव्या दिवशी तिथून फोन आला तशी ती म्हातारीच्या घराकडे धावत सुटली. “आजी, नवी कातडी आली! वाचले आजोबा.” म्हातारीने डोळे पुसले. “मग लग्नात होता तसा तुळतुळीत दिसेल का गं मेला?”