छताचा डोळा

तारापूरच्या एका कारखान्याने वीज वाचवायला जुन्या ऑफिसात प्रत्येक टेबलावरच्या छताला सेन्सरचा पांढरा डोळा बसवला. माणूस हलला की दिवा लागायचा, खुर्ची रिकामी झाली की विझायचा. "हा डोळा कोणाला काही सांगत नाही," मॅनेजर म्हणाले. डिस्पॅचला बसणाऱ्या पुष्पलताच्या गळी ते उतरेना. जागेवर कोण नसतं ते हेरून माणसं कमी करतील, अशी शंकेची पाल तिच्या मनात चुकचुकली. गुरुवारी निघताना तिने, नवापूरला घरच्या होडीला बांधतात तशी लिंबू-मिरची त्या डोळ्याखाली टांगली. शनिवारी मॅनेजर थेट तिच्या टेबलाशी आले. "काल ऑफिसला सुट्टी असताना तुमच्या जागेवर दिवसभर कोण बसलं होतं?" पुष्पलताने वर पाहिलं. उघड्या खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यावर लिंबू डुलत होतं. "कोणी नाय, साहेब," ती म्हणाली. "पण तुमाला हे सांगितलं कोणी?"