न पाहिलेली फायनल

वाऱ्याने डिशचा बोल्ट तुटला आणि कॉम्प्युटरवर रेकॉर्ड होणाऱ्या खो-खोच्या फायनलच्या चित्राचे चौकोन चौकोन झाले. लेक तेजल मैदानात होती. वैजयंता गच्चीवर धावली आणि डिश मागून दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिली.

"आलं चित्र! आता बोटभरही हलू नकोस," खालून नवरा ओरडला. सामना संपेपर्यंत ती हलली नाही.

दुसऱ्या दिवशी तेजल तोंड पाडून घरी आली. "आई, ते रेकॉर्डिंग पुसून टाक. माझ्यामुळे हरलो आम्ही."

"मी पाहिल्याशिवाय कसं पुसू?"

"काल पाहिलं नाहीस?"

वैजयंताने तळहात पुढे केले. डिशच्या कडेचे लाल वळ अजून गेले नव्हते.

तेजल ते बघत राहिली. मग तिने माउस ओढला.

"बस इथं. पहिल्यापासून लावते. मी कुठं चुकले ते दोघी बघू."